एक की दोन

आल्टाच्या शोरूममध्ये पोरगेला विक्रेता
विजेच्या एसयूव्हीवर हात ठेवून सांगतो:
मागे एकच मोटर, तर रेंज जास्त, पैसे कमी.
दोन घेतल्या, तर चारही चाकं
बर्फात नखं रोवून चढतील.

सोल्फ्रिडच्या घराची चढण त्याला ठाऊक आहे.
सगळ्या गावालाच आहे.
दर जानेवारीत तिथे जुनी गाडी रुसते,
मग खालच्या वळणावरून ओड्वार
ट्रॅक्टर घेऊन येतो, साखळी अडकवतो,
अवाक्षर काढत नाही.
वर पोचल्यावर दाराशी बूट काढून
दोन कप कॉफी पितो. कधी तीन.

"दोनच घ्या," पोरगा म्हणतो,
"कुणाची मिनतवारी नको."

ती चष्मा पुसते.
पुन्हा पुसते.
"एक पुरे.
आणि साखळीचा हूक कुठे लागतो,
तेवढं दाखव."