नामानिराळा

सकाळचे सहा दहा. किटली अजून शिटीवर आलेली नाही.
सेंट जॉन्समधली आमची गल्ली इतकी उतरती,
की टेबलावर ठेवलेलं अंडंसुद्धा
बंदराच्या दिशेनं घरंगळतं.
रात्रभर बर्फ पडून गेलेला.

आवाज मोठा नव्हता.
बिस्किटांचा रिकामा डबा कुणी गुडघ्याखाली चेपावा, तेवढाच.
पडदा सारला.
पांढरी पिकअप (की राखाडी? त्या दिव्याखाली सगळंच पिवळं)
मागे येता येता
लोरेटा पडिस्टरच्या हिरव्या गाडीच्या दारात शिरलेली.

तो उतरला. हातमोजा काढला.
उघड्या तळव्यानं पोचा चाचपला,
फणफणलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा.
मला वाटलं, आता खिशातून कागद काढील.
त्यानं वर पाहिलं. एकेक खिडकी मोजत.
आणि माझ्या हातानं, मला न विचारता,
स्वयंपाकघरातला दिवा मालवला.

गेला. चर्चपाशी डावीकडे.
मागच्या दिव्याची लाल काच बर्फावर,
पार्ट्रिजबेरीची टोपली सांडल्यासारखी.

नंबर म्हणत राहिलो. एच, के, टी, चार, शून्य, नऊ.
आधी मोठ्यानं, मग मनात,
मग औषधाच्या बिलाच्या पाठीवर.
लगेच लिहावं लागतं.
चहा होईपर्यंत डोकं पदरचं घालू लागतं:
गाडीला वेग देतं, माणसाला दाढी,
चेहऱ्यावर एक हसूही चिकटवून ठेवतं.
दाढी मी पाहिली नव्हती.
आणि हसला तर तो नक्कीच नाही.

बहीण फोनवर म्हणाली, तुला काय करायचंय, ॲम्ब्रोझ?
लोरेटा कुठं चालवते ती गाडी आता?
खरंय. यूजीन गेल्यापासून जिथल्या तिथं.
रविवारी लोरेटा आत जाऊन बसते, रेडिओ लावते,
समुद्राचं हवामान ऐकते,
उतरते, कुलूप लावून ओढून बघते.

किटली कोरडी पडून तडतडली तेव्हा कुठं उठलो.

सत्त्याऐंशी साली, गँडरला, हॉकीच्या रिंकबाहेर,
मी एक तपकिरी गाडी चेपली होती.
मागच्या सीटवर लहान मुलाचा एकच बूट.
मीही हातमोजा काढला होता.
मीही खिडक्या मोजल्या होत्या; सगळ्या अंधारात होत्या,
निदान मला तशा वाटल्या.
आजच्या पिकअपचा नंबर बिल उलटून वाचावा लागतो.
त्या तपकिरी गाडीचा अजून पाठ आहे.

चिठ्ठीत वेळ लिहिली. नंबर.
'पांढरी किंवा राखाडी', असंच लिहिलं.
चर्चपाशी डावीकडे, लिहिलं.
मग पेन थांबलं.
'एक शेजारी' लिहिलं. खोडलं.
तीस वर्षं टपाल वाटलंय मी या चढावर;
पाठवणाऱ्याचं नाव नसलेलं पाकीट
लोक कसं दोन बोटांत धरतात, मला ठाऊक आहे.
नामानिराळा राहण्याचीही सवय तितकीच जुनी.
ॲम्ब्रोझ क्रिच, लिहिलं. घर चौदा, निळं दार.
फोनचा आकडा, सातवर आडवी रेघ देऊन.
आणि खाली, कारण नसताना,
'दिवा मीच मालवला होता.'

चिठ्ठी पावाच्या पिशवीत घातली, गाठ मारली,
वायपरखाली सरकवली.
पोच्याचे दोन फोटो काढले,
एकात पोचा, एकात माझाच अंगठा.
काच उचलली नाही. पोलिसांना बघू दे.

दुपारी लोरेटा आली. बर्फ झाडला तिनं बाहीनं.
पिशवी सोडवायला तिला फार वेळ लागला;
गाठ मी उगाचच घट्ट मारली होती.
वाचलं. पुन्हा वाचलं.
मग दाराकडे न जाता तिनं वर पाहिलं,
एकेक खिडकी.

दोन वाजले होते. बर्फावर डोळे दिपत होते.
तरी मी स्वयंपाकघरातला दिवा लावला.