हललेला

लॅरमीच्या जुन्या मालधक्क्यामागच्या तळघरात
वर्ना हॉकन्सन सुती हातमोजे चढवते,
खोक्यातून काचेची पाटी काढते,
दोन्ही कडांना धरून, श्वाससुद्धा बाजूला सोडत.
आजची ही पाचशे बारावी.
बाहेर उणे अठरा, आणि वारा असा
की उभी केलेली गाडी जागच्या जागी कुरकुरते.

स्कॅनरचा उजेड काचेखालून सरकतो.
पडद्यावर आधी येतं काळं आकाश,
काळे चेहरे, पांढरेशुभ्र कोट;
मग एक कळ, आणि दीडशे वर्षांपूर्वीची दुपार
उलट्याची सुलट होते.
लाकडी टाकी, तिच्या तोंडाशी इंजिन,
इंजिनाला टेकून माणसं,
जणू त्यांनीच ते विकत घेतलंय.

रकाने भरायचे असतात.
इंजिन क्रमांक: एकशे सत्तावीस.
चाकं: चार, चार, शून्य.
इंधन: लाकूड.
इंजिनाचं सगळं सापडतं,
धुराडं भोपळ्यासारखं होतं, हेसुद्धा.
माणसं: सहा. ओळख पटलेली नाही.
हे वाक्य तिला आता टंकावंही लागत नाही,
पहिलं अक्षर दाबलं
की संगणकच पुरं करतो.

ती चित्र मोठं करते. आणखी मोठं.
रिव्हेट मोजता येतात. ड्रायव्हरच्या बंडीचं
एक बटण दुसऱ्या जातीचं आहे.
टाकीच्या पायथ्याशी बुटांचा एक जोड, लख्ख,
डाव्याची नाडी सुटलेली,
आणि बुटांच्या वर
नुसता धूर.

पोरगा असणार. बूट लहान आहेत.
सांगितल्यासारखा पाय रोवून उभा राहिला,
फोटोवाल्यानं भिंगावरचं झाकण काढलं,
एक, दोन, तीन,
आणि कमरेपासून वरचा पोरगा वळला.
कुणीतरी हाक मारली असेल.
म्हणजे नाव होतं.
काचेवर नाव नाही उमटलं,
नावाला दिलेली ओ उमटली.

तिचा भाऊ लॉवेल असाच.
घरातल्या एकाही फोटोत त्याला धड चेहरा नाही.
आई म्हणायची, याला खुर्चीला बांधा.
पुढं रॉलिन्सच्या यार्डात ब्रेकमन झाला,
डब्यांच्या टपांवरून वाऱ्यासारखा पळायचा.
एकदाच थांबला,
नको तिथं, दोन डब्यांच्या मध्ये.

पडद्यावर चौकट उघडते:
दोष सापडला. एक.
पुराभोवती लाल वर्तुळ घातल्यासारखं
त्या धुराभोवती वर्तुळ.
दुरुस्त करू?
ओमाहाच्या कचेरीतून सक्त सूचना आहे,
डाग, ओरखडे, बुरशी, सगळं काढायचं;
लोकांना स्वच्छ इंजिनं बघायची असतात.

वर्ना हातमोजा काढते.
उघड्या बोटानं दाबते: नको.
मग मागं जाऊन सहाचे सात करते,
आणि आपोआप आलेलं वाक्य
एकेक अक्षर खोडून लिहिते:
सातवा, हललेला.

थर्मासमधलं सूप गार झालंय. तसंच पिते.

पाचशे तेराव्या पाटीवर पूल आहे,
माणूस एकही नाही,
आणि काचेला तडा गेलाय तो नेमका
पुलाच्या मधोमध.
ती चष्मा पुसते, पुन्हा बघते.
पलीकडच्या टोकाला गाडी उभी आहे,
निघायच्या बेतात.