सहावा चमचा

उद्या पहाटे तिघऱ्याला निघायचं
म्हणून मोहितेमामांनी ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं
आणि डबा उघडला.
झाकणावर अजून ‘चकली’, मामींच्या अक्षरात.

रोहूला हा बारका गळ, सत्तूत ओवा नि चिमूटभर हिंग.
पढीनला हा, करंगळीएवढा,
वर वीतभर तार हवीच,
नाहीतर दोरा असा तोडते
की दौलतगंजातल्या शिंप्याची कात्री लाजावी.
मरळीला बेडूक.
बेडूक मी धरणार नाही, मी म्हटलं.
मग कोंबडीचं काळीज धर. तेही नको?
मग इथेच बस, पोहे भिजव.

गढूळ पाण्यात वासापेक्षा चकाकी बरी,
असं सांगता सांगता
त्यांनी तळातून काही काढलं
आणि मूठ मिटली.
मी हसत बोटं उघडली:
दांडी कापलेला चमचा,
भोक पाडून कडीत ओवलेला,
कडेला बारीक द्राक्षवेल.

लग्नातल्या सेटमधला सहावा.
ज्याच्यावरून नव्वद साली
रामकलीचा पदर झटकून पाहिला होता.

मामा म्हणाले, यावर सात किलोची पढीन लागली होती.
मग काहीच म्हणाले नाहीत.

मामी दारात, हातात दुधाचं पातेलं.
किती वेळ, कोण जाणे.
‘मुरारहून पायी यायची ती,’
एवढंच बोलून
त्यांनी गॅस लावला.

सत्तू परातीत सुकत गेला.
पहाटे चारला गजर झाला,
तो मीच बंद केला.