चौथ्यातला आ

माझगावच्या शाळेमागं,
झेरॉक्सवाल्याच्या फळीवर आम्ही पाचजण,
भौतिकीचा पेपर मांड्यांवर पसरून.

"चौथ्यातला आ?"
रेवतीच्या तळव्यावर पेनानं उतरवलेली उत्तरं,
घामानं निम्मी फिसकटलेली.
ग्लॅडविन म्हणाला, साठ सेंटिमीटर.
नजमा म्हणाली, साठ.
कोळंबकर, जो सहामाहीला काठावर सुटला,
तोसुद्धा: साठ!

माझं बारा आलं होतं.
उणे चिन्ह कुठं सांडलं, कोण जाणे.
मी म्हणालो, "साठच की."

नजमानं मग चष्मा काढला,
अधिक पाचाचा, जाड भिंगांचा,
आणि उन्हात पेपरवर धरला.
थोडा वर. अजून थोडा.
उजेडाचा फराटा आवळत आवळत
सूर्य झाला मसुराएवढा,
नेमका चौथ्या प्रश्नावर.
"मोजा आता."
ग्लॅडविननं पट्टी लावली. वीस, केसभर इकडं तिकडं.
पेपरात दिलं होतं तेवढंच.

कागद करपल्याचा वास आला.
"काय झालं? सांग ना रे,
चष्म्याशिवाय मला जवळचं
नुसतं पिवळं दिसतं."

मी सांगितलं, भोक पडलंय, बारीक.
कडा तपकिरी.
आणि तेवढ्यातच सांगून टाकलं,
माझं बारा आलंय.

तिनं चष्मा चढवला,
माझ्याकडं बघितलं, मोठ्ठाल्या डोळ्यांनी.
"सूत्र लिहिलंस ना?
मग एक मार्क देतात."

झेरॉक्सवाला ओरडला, फळी मोडेल, उठा.
कोळंबकर उठला नाही.
पेपरच्या भोकाला डोळा लावून
रस्त्याकडं बघत म्हणाला,
"बाराच.
माझंपण."