आकडा जुळेपर्यंत

उतरलो तेव्हा खिडकीत नुसता बर्फ,
आणि बर्फावर गोल गोल फिरणारा एक पिवळा दिवा.
बँगोर, मेन. कॅप्टनने गावाचं नाव दोनदा सांगितलं,
तरी आपण कुठे आहोत ते कुणाला कळलं नाही.
बाहेर उणे एकोणीस. पहाटेचे चार.

चौतीस-जीवरचे हरिश्चंद्र तांडेल, वय एकाहत्तर,
वर्सोव्याहून नेवार्कला लेकाकडे निघालेले,
ग्रीनलंड मागे पडल्यावर म्हणाले,
"पोरी, छातीवर कोन बसलाय गो?"
मी एकोणपन्नासची. मला पोरी म्हणणारं
आता कुणी उरलेलं नाही.

दार उघडलं. आधी थंडी आत आली, मग दोन माणसं,
मग स्ट्रेचर. त्यांना नेलं. दार मिटलं.
ते आमच्यासाठी नव्हतंच.
इमिग्रेशनचा अधिकारी सातला येतो म्हणे,
तोवर आम्ही अमेरिकेच्या जमिनीवर होतो
पण अमेरिकेत नव्हतो.

"आपल्या सुरक्षेसाठी कृपया जागेवरच बसून राहा."
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बरं वाटलं.
सातव्यांदा ऐकलं तेव्हा पाणी संपलं होतं,
मागचे दोन संडास बंद पडले होते,
आणि एकवीस-सीवरचा गृहस्थ उभा राहून
वकिलाचं नाव घेऊन ओरडत होता.
मग एक पोलीस आत आला. काही बोलला नाही.
नुसता उभा राहिला. गृहस्थ बसला.

माणूस उतरला की त्याची बॅगही उतरली पाहिजे.
या नियमामागे कुठलं तरी जुनं, जळालेलं विमान आहे,
हे कुणी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

आम्हाला मोजलं. एक कमी.
पुन्हा मोजलं, बोट प्रत्येकाच्या कपाळाकडे रोखून. एक कमी.
शेजारी शेजाऱ्याकडे जरा वेगळं बघू लागला.
शेवटी आठ वर्षांचा एक मुलगा सापडला,
तीन रिकाम्या खुर्च्यांवर, दोन ब्लँकेटांखाली, गाढ झोपलेला.
त्याला उठवून मोजलं.

पर्सर माझ्याशी वाकून बोलली: त्यांची बॅग कशी होती?
पोटात दोनशे काळ्या बॅगा, खाली माणसं दोनच.
मी म्हणाले, हिरवी नायलॉनची दोरी, आणि गाठ,
जाळ्याला मारतात तशी. हात फिरवून दाखवली.
सुटणार नाही, कापावी लागेल.

सव्वासहाला ती दिसली.
बर्फात एकटीच ठेवलेली, तिच्यावर टॉर्चचा झोत.
लांबून एका माणसाने कुत्रं आणलं.
कुत्रं एकदा फिरलं, दुसऱ्यांदा फिरलं,
आणि बॅगेला नाक लावून बसलं ते हलेचना.
खिडक्यांवर कपाळं टेकली. कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

"बोंबील," मी काचेला म्हणाले.
त्यांचा कस्टमचा फॉर्म मीच भरला होता.
खाण्याचे पदार्थ आहेत का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मी त्यांच्याकडे, आणि "नाही"वर खूण केली.
सही त्यांची, मोडी वळणाची, थरथरती.

दोरी कापली. झाकण उघडलं.
टॉर्चवाल्याने मान मागे टाकली,
तोंडातून वाफेचा मोठा ढग निघाला.
हसला असावा. आवाज आत येत नव्हता.
मग बॅग एका ट्रकमध्ये घालून
अँब्युलन्स गेली त्या रस्त्याने नेली.

आकडा जुळला. दारं लागली. पंखांवरचा बर्फ धुतला.
पट्टा आवळताना समोरच्या खिशात बोटांना लागला
त्यांचा चष्मा. एका दांडीला दोरा गुंडाळलेला.

घंटीच्या बटणापर्यंत हात गेला माझा.
समोर ते मूल आत्ता कुठे पुन्हा झोपलं होतं.
सांगितलं तर अजून तीन तास.

मालकाशिवाय काही उडू नये, असा नियम आहे.
मी तो चष्मा पर्समध्ये ठेवला
आणि धावपट्टी संपेपर्यंत
पर्स दोन्ही हातांनी धरून बसले.