दोन मीटर पांढरं इलॅस्टिक

फोलिन्यो स्टेशनामागे, टायरच्या दुकानाला लागून
भाड्याच्या गाड्यांचं ऑफिस: एक टेबल, एक पंखा
आणि मिर्को, ज्याला दाढी अजून धड फुटलेली नाही.
टाकी काठोकाठ भरलीय, मी म्हणते. काटा बघ.
तो काटा बघत नाही.
भर दुपारी मोबाइलचा टॉर्च लावून गाडीभोवती फिरतो,
उजव्या बाजूच्या मागच्या दाराशी उकिडवा बसतो.

हे नव्हतं, म्हणतो.

नव्हतंच.
काल संध्याकाळी कोल्फियोरितोच्या माळावर
मसुराच्या शेतांमधल्या सरळसोट रस्त्याला लागलो
तेव्हा मी बाबांच्या हातात किल्ली दिली.
वय एक्याऐंशी. लायसन्स मार्चमध्ये संपलं,
डोळ्यांच्या डॉक्टरने मान हलवली, तेवढंच.
दहा मिनिटं हं, मी म्हटलं होतं.
पण याच डोंगरांत त्यांची व्हॅन चाळीस वर्षं फिरली,
बटणं, रिळं, लेस, मोज्यांचे जोड घेऊन,
रेल्वे जिथे कधी पोचलीच नाही अशा गावांना.
दहा मिनिटांचा पाऊण तास झाला.
खांबाला घासली तेव्हा त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

आता टोपी काढून ते टेबलापाशी उभे.
मी चालवत होतो. लिही. नेवियो पाचोनी.
मिर्को लिहीत नाही. कागद आमच्याकडे फिरवतो.
आजोबा, यात तुमचं नाव नाहीच.
नाव नाही तर विमा नाही, विमा नाही तर
तो बोटाने हवेत शून्यं काढत जातो
आणि मग माझ्याकडे बघतो, जरा जास्त वेळ.
मी चालवत होते, मी म्हणते.
एकशे दहा युरो. सही.
बाबा टोपी घालतात.
पावती घडी घालून वरच्या खिशात ठेवतात, जणू त्यांचीच.

एक गाडी सोडली, दुसरी धरली.
तीन डबे, निळ्या सीटा, खिडकीला कुणाच्या तरी कपाळाचा डाग.
नोचेरा गेलं. ग्वाल्दो गेलं. बाबा बोलत नाहीत,
पण प्रत्येक बोगद्याआधी त्यांचा उजवा पाय
डब्याच्या फरशीवर दाबला जातो.
उशिरा दाबला, ते पुटपुटतात,
पुढे कुठेतरी बसलेल्या, कधीही न पाहिलेल्या ड्रायव्हरबद्दल.

फाब्रियानोला समोरच्या गाडीसाठी थांबलो, आणि एकदम
पेन आहे का?

आहे. मला माहीत आहे कशाला.
काल माळ संपल्यावर ते थांबले नव्हते,
वर चढत गेले होते, पिएवेच्या चौकापर्यंत.
भूकंपानंतर निम्म्या घरांना अजून लाकडी टेकू,
निम्म्यांना कुलपं. माणूस म्हणून नाही.
त्यांनी हॉर्न वाजवला, दोनदा लांब, एकदा तोकडा.
परका हॉर्न, पण चाल तीच.
वरच्या मजल्यावर एक खिडकी उघडली.
एर्सीलिया. केस पिंजलेले, अंगात स्वेटर.
हसली नाही, रडली नाही, कोण म्हणून विचारलं नाही.
गुरुवारी का नाही आलास? म्हणाली.
पांढरं इलॅस्टिक हवंय. दोन मीटर.
आणतो, बाबा म्हणाले. खिडकी लागली.

आता पावतीच्या पाठीवर ते लिहितायत,
मोठ्या अक्षरांत, ओळ तिरकी चढत जाते.
गुरुवारी तिकडे बस असते का गं?
बघते, मी म्हणते. खरंच माहीत नाही मला.

येसीच्या अलीकडे तिकीट तपासनीस बाई येते.
मी माझ्या फोनवर तिकिटं शोधेपर्यंत
बाबा वरच्या खिशातून ती पावतीच पुढे करतात.
ती उलटी करते. वाचते. पुन्हा वाचते.
हे तिकीट नाही, म्हणते.
मग चष्मा कपाळावर सरकवून:
किती रुंद हवंय?

बाबा तिच्याकडे बघत राहतात.
उजवा पाय फरशीवर तसाच दाबलेला.
ते विचारायचंच राहिलं की हो.