उणे नऊ पूर्णांक दोन

कोचाबांबाच्या विद्यापीठात, जिन्याखालच्या खोलीत,
जिथं पूर्वी झाडू आणि फिनेल ठेवायचे,
झुल्मा आयाविरी आठ जुने संगणक एकत्र जुंपून बसलीय.
तीन लाख रेणू तिनं रांगेत उभे केलेत
एका प्रथिनासमोर.

प्रथिन त्या परजीवीचं,
जो विंचुका किड्याच्या विष्ठेतून येतो
रात्री, मातीच्या भिंतीतल्या भेगेतून,
झोपलेल्याच्या पापणीपाशी.
सकाळी डोळा सुजतो. काही दिवसांनी उतरतो.
मग तीस वर्षं काहीच होत नाही.
मग हृदय वाढतं.
केवढं मोठं काळीज बाईचं, असं गाव म्हणायचं आईला.
क्ष-किरणांच्या फिल्मवर झुल्मानं ते मोजलं.

पुस्तकात लिहितात, कुलूप आणि किल्ली.
पण हे कुलूप श्वास घेतं,
पाण्याच्या एका थेंबुकल्यासाठी कूस बदलतं.
बांगडी भरताना हात चोळून, बोटं एकवटून
मऊ करावा लागतो,
आणि हातालाही ते पटावं लागतं, तसं काहीसं.
झुल्माला बांगड्यांचं ठाऊक नाही.
मला दुसरी उपमा सुचली नाही.

दोनला वीज गेली, एक लाख चाळीस हजारांवर.
पंखे थांबले तेव्हा कळलं किती आवाज होता.
पहाटे कोपऱ्यावरच्या बाईकडची जांभळी, गरम आपी
ती उभ्यानंच प्याली आणि परत खाली उतरली.

तिसऱ्या दिवशी यादी आली.
सर्वांत वर : उणे नऊ पूर्णांक दोन.
आकडा जितका उणा, तितकी मिठी घट्ट.
खाचेत असा बसलेला, जणू तिथंच जन्मला.
पण पाण्यात विरघळेना.
दुसरा यकृत जाळणारा.
तिसरा घडवायचा तर अकरा पायऱ्या,
आणि वरच्या प्रयोगशाळेतला धूर ओढणारा पंखा
फक्त मंगळवारी चालतो.
सतरावा साधा, ओबडधोबड, उणे सातच.
तिनं पेन्सिलीनं त्याच्याभोवती गोल काढला,
खोडला,
पुन्हा काढला.

रविवारी गावी गेली.
आई उन्हात बसून मक्याचे दाणे सोलत होती,
मध्ये थांबत, छातीतल्या यंत्राला थोडा वेळ देत.
सापडलं का गं?
एक आहे. सतरावा.
सोळा कुठं गेले?
झुल्मा हसली. सांगायला लागली असती तर संध्याकाळ झाली असती.

पलीकडे भाऊ भिंत लिंपत होता,
भेग शोधायची, ओली करायची, भरायची.
तिनं बाही वर सारली
आणि दुसरी थापी उचलली.